मुलाचं वेगळं नाव: बारशाआधी काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

खान्देशात मुलाला वेगळं नाव हवं असण्यामागे नुसती हौस नसते. वर्गाच्या हजेरीत पाटलांमागून पाटील, चौधरींमागून चौधरी. त्यात मुलाचं नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक, असे दोघे एकाच गावात निघाले की गुणपत्रिकेपासून बँकेच्या खात्यापर्यंत गोंधळ होतो. म्हणून वेगळं नाव शोधणं योग्यच आहे. चुकतं ते कामांच्या क्रमात. दवाखान्यात मोबाइलवर यादी उघडतात, दोन मिनिटांत नाव ठरतं, अर्जावर चढतं, बारशात पुकारलं जातं, आणि अर्थ, उच्चार, नावाभोवतीच्या आठवणी यांची चौकशी त्यानंतर सुरू होते. तोवर पेढे वाटून झालेले असतात आणि चुकीचं नाव बदला म्हणायला कुणी धजत नाही.

खालचे टप्पे सातव्या महिन्यापासून सुरू केले तर सगळं निवांत होतं. बाळ आधीच घरात आलं असेल तरी क्रम हाच ठेवा.

टप्पा १: कागदाची घाई नाही, हे आधी समजून घ्या

बऱ्याच घरांत नाव घाईने ठरतं ते "डिस्चार्जच्या आधी नाव लिहून द्या" या एका वाक्यामुळे. कायदा तसं म्हणत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, पण नावाची जागा रिकामी ठेवूनही जन्म नोंदवता येतो. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुदत असते.

तेव्हा दवाखान्याच्या अर्जावर मुलाचं नाव कोरं सोडा. आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख मात्र तिथेच अक्षर-अक्षर वाचून बघा, कारण हीच माहिती पुढे प्रमाणपत्रावर उतरते.

> खबरदारी: "आत्ता काहीतरी लिहू, मग बदलू" हा विचार महागात पडतो. कोऱ्या जागी नाव भरणं सोपं, लिहिलेलं नाव बदलणं फार अवघड. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी या सगळ्यांना जन्म प्रमाणपत्र हाच मूळ पुरावा झाला आहे. तिथली चूक पुढे सगळीकडे जाते.

टप्पा २: अक्षराचा प्रश्न मोकळा करा

घरात पत्रिका मानत असतील तर नक्षत्राच्या चरणावरून अक्षर येतं, आणि वेगळं नाव शोधणारे इथेच अडकतात. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ. आर्द्राची कू, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदेची दू, थ, झ, ञ. 'ण'ने किंवा 'ङ'ने सुरू होणारं नाव मराठीत मिळत नाही. मग ओढूनताणून नाव घडवलं जातं आणि पोराला ते जन्मभर समजावून सांगावं लागतं.

यावरची तोड जुनीच आहे. नावरस नाव पत्रिकेपुरतं वेगळं ठेवायचं आणि हाकेचं, शाळेचं नाव आपल्या पसंतीचं. आजी-आजोबांशी हे बोलणं बाळ येण्याआधीच करा. बारशाच्या सकाळी गुरुजींसमोर हा वाद काढला तर कुणीतरी दुखावतंच.

टप्पा ३: नावं गोळा करा, पण यादीबाहेरून

'दुर्मीळ नावं' म्हणून फिरणारी यादी हजारो घरांत वाचली जाते. त्यामुळे दुर्मीळ समजून ठेवलेलं नाव अंगणवाडीत पोचेपर्यंत चौघांचं झालेलं असतं. सध्या 'अंश' आणि 'आन' या शेवटांचं तसंच झालं आहे. नाव खरंच वेगळं आहे का, हे गावच्या अंगणवाडी ताईंना विचारा. लहान मुलांची नोंद त्यांच्याकडे असते.

मग नावं कुठून आणायची? आपल्या मुलखातून. नद्या बघा: गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, गोमाई, वाघूर. यांतली काही मुलालाही शोभतात. कुळाचा देव बघा: खंडेरायाच्या घरात मल्हार आणि मार्तंड ओळखीचे झालेत, पण देवाची इतर नावं अजून फारशी कुणी घेतलेली नाहीत. पाटणादेवीजवळच्या पाटणे गावी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढणारा त्यांचा नातू चांगदेव. हे नाव आज कुणी ठेवत नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचं, योगी असलेल्या दुसऱ्या चांगदेवाचं देऊळ मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आणि आपल्या आजोबा-पणजोबांची नावं आठवा: सुपडू, भटू, लोटन, चिंधा, हिलाल, आधार. चिंधा, दगडू ही नावं मूल जगावं, त्याला नजर लागू नये म्हणून ठेवलेली असत. त्यांत आईबापाची काळजी होती. ती तशीच आजच्या मुलाला द्यावीत असं मी म्हणणार नाही, शाळेत त्रास होईल. पण 'हिलाल' बघा. मूळ अरबी, अर्थ चंद्रकोर, आणि आपल्याकडे शेतकरी हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. असं नाव पुन्हा यायला काय हरकत आहे? 'आधार'ला मात्र आज एक व्यावहारिक अडचण आहे. कुठल्याही खिडकीवर नाव सांगितलं की समोरचा कार्ड मागतो.

सहा-सात नावांच्या वर जाऊ नका. पुढची तपासणी प्रत्येकाची करायची आहे.

टप्पा ४: अर्थ शब्दकोशात बघा

यादीवरच्या अर्थावर विसंबू नका. तिथे प्रत्येक नाव 'संस्कृत' असतं आणि प्रत्येकाचा अर्थ सूर्य, विष्णू नाहीतर तेजस्वी. आपटे यांचा संस्कृत कोश, मोल्सवर्थचा मराठी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पौराणिक नाव असेल तर चित्रावशास्त्रींचा प्राचीन चरित्रकोश गावच्या वाचनालयात मागा.

काय सापडतं त्याचे काही नमुने:

'अनय' गोड वाटतं, पण 'नय' म्हणजे नीती आणि 'अनय' म्हणजे त्याचा अभाव. कोशात अन्याय, दुर्दैव असे अर्थ निघतात. 'क्रिश' हे कृष्णाचं छोटं रूप म्हणून ठेवतात, पण मराठीत लिहिताना ते 'कृश' झालं की अर्थ होतो रोडका. 'रेयांश'मधला 'रेय' संस्कृत कोशात मिळत नाही, त्यामुळे 'सूर्यकिरणाचा अंश' हा अर्थ कुणीतरी मागाहून चिकटवलेला. 'कियान' आणि 'रेहान' इराण-अरबस्तानकडची नावं आहेत. ती ठेवायला आडकाठी नाही, फक्त संस्कृत समजून ठेवू नका. 'समीर' दोन्हीकडे आहे: संस्कृतात वारा, आणि अरबीतलं वेगळं नाव.

> तपासा: नावाचा अर्थ एका वाक्यात, पुस्तकाकडे न बघता सांगता येतो का? मूल पाच वर्षांचं झालं की हा प्रश्न तेच विचारणार आहे.

टप्पा ५: नावाला काय काय चिकटलेलं आहे ते तोला

हा टप्पा लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त पस्तावा इथलाच असतो. कोशातला अर्थ एक, आणि नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात येणारी गोष्ट दुसरी. कोश कुणी सोबत घेऊन फिरत नाही, गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ असते.

प्रत्येक नावासाठी तीन प्रश्न विचारा. ही आठवण किती लोकांना आहे? ती आपल्या घराच्या किती जवळची आहे? आणि ती किती वर्षं टिकेल?

टिकण्याचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो सोपा आहे. 'निसर्ग' हे नाव जून २०२० मध्ये वादळाला मिळालं. तेव्हा ते नाव ठेवणं विचित्र वाटलं असतं. आज खान्देशात कुणाला ते वादळ नावावरून आठवत नाही. मालिकेतला खलनायकही काही वर्षांत विसरला जातो. रामायण-महाभारतातली आठवण मात्र पुसत नाही. 'दक्ष' म्हणजे सावध, कुशल, आणि नाव आज बरंच ऐकू येतं. पण शंकराचा अपमान करणारा आणि यज्ञात मस्तक गमावणारा दक्षही तोच. घरात महादेवाची भक्ती असेल तर आजीला हे खटकेल, आणि तिचं खटकणं रास्त आहे. 'विकर्ण'चं उलट आहे. तो कौरवांतला, पण भरसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलणारा तोच एक भाऊ. वाईट घरातली चांगली आठवण. ज्याला कथा ठाऊक त्याला नाव आवडेल, इतरांना प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागेल. तेवढी तयारी असेल तरच ठेवा.

आता जवळ-लांबचा प्रश्न. एकच नाव एका तालुक्यात मानाचं आणि दुसऱ्यात नकोसं असू शकतं. 'अश्वत्थामा' घ्या. पुण्या-मुंबईकडे कुणी धाडसी बाप हे नाव ठेवेलही. आपल्याकडे, धडगावच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीत यात्रा जाते, तो अश्वत्थाम्याचा डोंगर. भाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो सातपुड्यात फिरतो ही गोष्ट इथे लहानपणीच कानावर पडते, आणि असीरगडाकडेही तीच सांगतात. डोंगर चढणाऱ्या भाविकाला तो अस्तंबा ऋषी, देव. जळगावच्या कॉलनीतल्या शेजारणीला तो शापित, भळभळत्या जखमेचा. तुम्ही यातल्या कुणांमध्ये राहता यावर या नावाचं वजन ठरेल.

'एकलव्य'चंही तसंच. नंदुरबार भागात भिल्ल समाजाला तो आपला वीर वाटतो, शाळांनाही त्याचं नाव आहे. इतर ठिकाणी लोकांना आधी कापलेला अंगठा आठवतो. 'शिरीष' हे इतरत्र एका झाडाचं साधं नाव, नंदुरबारात मात्र १९४२ च्या आंदोलनात गोळीला सामोरा गेलेला शाळकरी शिरीषकुमार डोळ्यांपुढे येतो. आठवण दुःखाची, पण अभिमानाची. अशी आठवण मुलाला दिली तर ती गोष्टही त्याला सांगायची जबाबदारी घ्या.

शेजाऱ्यांच्या बोलण्याकडेही कान द्या. 'निहार' म्हणजे दव, धुकं. पण जैन साधूंच्या दिनचर्येत आहार, विहार, निहार असे शब्द येतात आणि तिथे निहार म्हणजे शौचाला जाणं. जळगाव, धुळे, अमळनेरला जैन वस्ती मोठी आहे, वर्गमित्र हे सांगतीलच. 'विमल' म्हणजे निर्मळ, पण आज हा शब्द पोरं टपरीवर लटकलेल्या पुड्यांवर वाचतात. असल्या आठवणी लहान असतात, तरी रोजच्या असतात.

घरातली आठवण सगळ्यांत जड. भाऊकीत त्या नावाचं मूल दगावलेलं असेल, त्या नावाच्या माणसाने कुणाला बुडवलं असेल, हे कुठल्याही कोशात मिळायचं नाही. आजीला, मोठ्या काकूला एकांतात, बारशाच्या बऱ्याच आधी विचारा. आणखी एक विचारा: सासऱ्याचं, जेठाचं नाव तोंडाने न घेण्याची रीत घरात अजून पाळतात का? पाळत असतील तर पणजोबांचं नाव कौतुकाने ठेवाल आणि आजी त्याला जन्मभर 'बाळू' म्हणेल.

आणि जातीधर्माची गोष्ट. नावावरून माणूस ओळखायची सवय आपल्याकडे आहे, हे नाकारून चालत नाही. काही आईबाप मुद्दाम ओळख न सांगणारं नाव निवडतात. मला तो निर्णय आवडतो. पण तो दोघांनी मिळून, समजून घेतलेला असावा. नाव ठेवल्यावर पाहुण्यांच्या टोमण्यातून कळू नये.

> खबरदारी: आठवण वाईट निघाली म्हणून नाव लगेच कापू नका. ती आठवण फक्त तुम्हालाच असेल आणि बाकी कुणाला नसेल, तर दहा दिवस तेच नाव घेऊन बघा. बऱ्याचदा ती विरते.

टप्पा ६: आजीच्या तोंडी नाव देऊन बघा

नाव कागदावर चालतं, पण हाक तोंडाने मारायची असते. आपल्या घरात अहिराणी, तावडी, लेवा बोली, पावरी, गुजरी यांपैकी काहीतरी बोललं जातंच. जळगावला जयगाव आणि धुळ्याला धुये म्हणणारं तोंड 'ळ'चा 'य' करतं, 'ण'चा 'न' आणि 'श'चा 'स'. जोडाक्षर आलं की ते सोडवून घेतं. त्यात कमीपणा काही नाही, बोलीची ती चाल आहे. नावाने तिच्याशी जुळवून घ्यायचं, आजीने नावाशी नाही.

म्हणून 'प्रद्युम्न'चं 'परदुमन' होईल, 'क्षितिज'चं 'सितिज', 'ऋषी'चं 'रुसी'. बदललेलं रूप ऐकायला गोड असेल तर चिंता नको. त्यातून भलताच अर्थ निघत असेल तर ते नाव सोडा.

करायचं असं: नाव लिहून दाखवू नका. आजीला, मामाला, शेतातल्या सालदाराला एकदाच ऐकवा आणि थोड्या वेळाने त्याच नावाने पोराला "आठे ये रे" (इकडे ये रे) अशी हाक मारायला सांगा. ते जे म्हणतील तेच नावाचं खरं रूप. मग 'या' लावून बघा, कारण गल्लीत प्रत्येक नावाला 'या' लागतोच. आणि मोठेपणी 'भाऊ', 'आप्पा', 'जिभाऊ' लावूनही बघा. चाळिशीतल्या माणसाला न शोभणारं लाडाचं नाव घरापुरतं ठेवा.

सुरतेला उधना-लिंबायत भागात नातेवाईक असतील तर फोनवर त्यांना गुजरातीतला अर्थ विचारा. खान्देशातल्या किती घरांचा अर्धा गोतावळा तिथे असतो!

टप्पा ७: पूर्ण नाव आणि इंग्रजी अक्षरं

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदांवर नावाचा क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे नुसतं 'अमुक पाटील' म्हणून बघणं पुरेसं नाही. चारही शब्द मोठ्याने वाचा. पाच अक्षरी नाव, त्यापुढे आईचं चार अक्षरी आणि आडनाव बाविस्कर, म्हणजे अर्जाच्या चौकटी संपतात. आईवडिलांची नावं लांब असतील तर मुलाचं दोन-तीन अक्षरी बरं. चार आद्याक्षरं मिळून काही भलतं वाचलं जात नाही ना, तेही बघा.

इंग्रजी स्पेलिंग तुम्ही ठरवा, संगणकावर बसलेल्या माणसावर सोडू नका. 'ज्ञ' आणि 'ऋ' असलेली नावं तीन-तीन तऱ्हेने लिहिली जातात. 'यज्ञ' मराठी पद्धतीने लिहिलं तर महाराष्ट्राबाहेर 'यद्न्य' वाचतात. एकच स्पेलिंग निवडा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा. अंकशास्त्रासाठी जादा 'ए' घालणार असाल तर आत्ताच घाला, दहावीच्या अर्जाच्या वेळी नको. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

टप्पा ८: एक नाव सगळ्यांतून काढून बघू

समजा शिरपूर-चोपड्याकडच्या घरात 'अनेर' सुचलं. सातपुड्यातून येऊन तापीला मिळणारी नदी, धरणामुळे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. कोश बघितला तर गुजरातीत 'अनेरो' म्हणजे आगळा, असामान्य. सुरतेचे मामा खूश. पण जुन्या हिंदीत 'अनेरा' म्हणजे व्यर्थ, निकामी. ही आठवण किती जणांना? आज बोलण्यात कुणाला नाही, म्हणून हलकी. "नदीचं नाव पोराला?" असं आजोबा विचारतील, ते खरं वजन. नदी स्त्रीलिंगी असते, त्याला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवा. तोंडाला सोपं: ळ नाही, श नाही, जोडाक्षर नाही. गल्लीत 'अन्या' होईल, ते अनिलचंही होतंच. 'अंधेर' असं कुणी ऐकेल का? फोनवर तीन जणांना सांगून बघा. इंग्रजीत चारच अक्षरं, पण परका माणूस 'एनर' वाचेल.

माझ्या मते नाव टिकतं. धुळे शहरातल्या, अनेर कधी न पाहिलेल्या घरात मात्र ते नुसता आवाज राहील. नदी जवळ असणाऱ्यांनीच ते घ्यावं.

टप्पा ९: बारसं, आणि मग कागद

उरलेल्या दोन नावांपैकी एक ठरवून आठवडाभर घरात गुपचूप वापरा. मगच फुईला, म्हणजे आत्याला, सांगा. कानात 'कुर्रर' करून नाव ती सांगणार, तेव्हा तिला उच्चार आधी नीट येऊ द्या. पाळण्यात चार नावं ठेवायची रीत असेल तर खुशाल ठेवा, पण कागदावर जाणारं कोणतं ते त्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा. पत्रिकेवर एक, बारशाच्या फलकावर दुसरं आणि शाळेत तिसरं असं झालेली मुलं पुढे प्रतिज्ञापत्रं करत फिरतात.

बारशानंतर महिनाभरात ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या नोंदणी कार्यालयात नाव भरायचा अर्ज द्या. सोबत पाकिटातली ती चिठ्ठी न्या: मराठी नाव ऱ्हस्व-दीर्घासकट, इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत. तोंडी सांगू नका. छापण्याआधी पडद्यावरची नोंद दाखवा म्हणा.

> तपासा: प्रमाणपत्र हातात आल्यावर खिडकीवरून हलण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. चूक दिसली तर तिथेच दुरुस्तीचा अर्ज मागा आणि पोच घ्या. आधारची नोंदणी बरोबर प्रत मिळाल्यावरच करा.